शस्त्रक्रिया हृदयाची, पहारा मेंदूवर

संस्थेच्या चिटणीसांनी या स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा "शास्त्रातले काहीतरी लिहा, पण घरातील थोरामोठ्यांपासून मुलांपर्यंत सर्वांना कळेल असे लिहा," अशी अट घातली. शाळेत वीस वर्षे शास्त्र शिकवीत असल्यामुळे विषयांचा तोटा नव्हता. परंतु गेल्या वर्षी आमच्या थोरल्या बंधूंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या निमित्ताने एका लहानशा यंत्राची ओळख झाली. तेव्हापासून तोच विषय मनात घोळत आहे. हृदयविकार आता कोणत्याच घराला परका राहिलेला नाही. तेव्हा ही माहिती आपल्या सभासदांना उपयोगी पडावी असे वाटते.

आमचे भाईजान बेळगावच्या बाजारात शिंपीकाम करतात. दुकानात मापांची वही म्हणून नाही. शंभर-दीडशे गिऱ्हाइकांची मापे त्यांना तोंडपाठ. कोणाचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे तेही ठाऊक. त्यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे निघाले व डॉक्टरांनी बायपास शस्त्रक्रिया सुचविली. आम्हाला वाटले, ते छातीच्या जखमेला भितील. परंतु भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आदल्या दिवशी भेटावयास आल्या तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : "बाई, कापणे आणि शिवणे शिंप्याला समजते. पण माझे डोके शाबूत राहील ना?"

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चाचा, त्याचसाठी तुमच्या कपाळावर उद्या दोन पट्ट्या लावणार आहोत. मेंदूला प्राणवायू किती पोचतो ते त्या सांगतात." भाईजानांच्या कपाळाच्या मध्यावर नमाजाच्या सजद्याने पडलेला काळसर घट्टा आहे. तो त्यांनी बोटाने चाचपून पाहिला आणि पट्ट्या त्याच्या दोन्ही बाजूंना, थोड्या वर लावू असे सांगितले. घट्ट्यावरून प्रकाश नीट आत जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रकाशाचा येथे काय संबंध, हे त्या वेळी आम्हालाही उमगले नाही. शास्त्राच्या शिक्षकाला ते लाजिरवाणे वाटले आणि घरी येताच आम्ही पुस्तके उघडली.

छाती उघडायची तर डोक्याची चिंता का करावी? कारण मेंदूइतका खर्चिक अवयव शरीरात दुसरा नाही. वजनाने तो शरीराच्या अवघा २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलो असता शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. एवढे असून त्याच्यापाशी साठा मुळीच नसतो. रक्तपुरवठा बंद पडला तर काही सेकंदांत शुद्ध जाते आणि नेहमीच्या तापमानाला चार-पाच मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. हाताला वा पायाला अर्धा तास रक्त कमी मिळाले तरी तो अवयव पुन्हा सावरतो. मेंदूची गोष्ट तशी नाही.

हृदय उघडून दुरुस्त करावयाचे तर ते थांबले पाहिजे, आणि ते थांबले तर मेंदू जगत नाही, ही अडचण शल्यचिकित्सकांना कित्येक वर्षे सुटत नव्हती. अमेरिकेतील डॉ. जॉन गिबन यांनी १९३०च्या दशकापासून पत्नी मेरी यांच्या साहाय्याने एक यंत्र तयार करण्याचा ध्यास घेतला. शरीरातले अशुद्ध रक्त बाहेर घ्यावे, त्यात प्राणवायू मिसळावा आणि ते परत धमनीत ढकलावे, असे ते यंत्र. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या पडद्यातील छिद्र त्यांनी बंद केले. त्या वेळी २६ मिनिटे हृदयाचे व फुप्फुसांचे सारे काम यंत्रानेच केले. मुलगी बरी झाली. पुढच्या रुग्णांत मात्र यश आले नाही आणि गिबन यांनी स्वतःच ते काम थांबविले. त्यांच्या यंत्रात सुधारणा करून १९५५ मध्ये मेयो क्लिनिकचे डॉ. जॉन कर्कलिन यांनी ते पुन्हा वापरात आणले. आज जगभर हृदयावरील असंख्य शस्त्रक्रिया अशाच यंत्राच्या आधारे होतात.

परंतु यंत्राने चालविलेले रक्ताभिसरण हे निसर्गाच्या रक्ताभिसरणासारखे हुबेहूब नसते. यंत्राच्या नळ्या आधी द्रवाने भराव्या लागतात. तो द्रव रक्तात मिसळून रक्त पातळ होते, म्हणजे प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन दर घोटामागे कमी होते. शरीर बहुधा थोडे थंड केलेले असते. रक्तदाब नेहमीपेक्षा खाली असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाडी नसते. हृदय ठोके देऊन रक्त ढकलते, पंप मात्र विहिरीवरच्या मोटरीप्रमाणे एकसारखी धार सोडतो.

या नाडीच्या गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. २०२० व २०२१ च्या कोरोनाच्या साथीत बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर घरोघरी आला. सकाळ-संध्याकाळ आकडा पाहून आपण वहीत टिपून ठेवीत होतो. हे यंत्र जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांच्या १९७०च्या दशकातील कल्पनेवर चालते. बोटातून प्रकाश आरपार सोडावयाचा. त्यातला जो भाग नाडीबरोबर कमीजास्त होतो तेवढाच धमनीतल्या रक्ताचा समजावयाचा. बाकीचा, म्हणजे कातडी, हाड, मांस व शिरा यांचा हिशेब सोडून द्यावयाचा. युक्ती मोठी सुंदर आहे. परंतु जेथे नाडीच नाही तेथे ती काय करील? पंप सुरू झाला की बोटावरचा ऑक्सिमीटर मुका होतो. शिवाय तो बोलला असता तरी बोटाची हकीकत सांगणार, मेंदूची नव्हे.

आता प्रकाशाकडे वळू. वर्गात आम्ही एक साधा प्रयोग करून दाखवितो, तो मुलांना फार आवडतो. खिडक्या लावून अंधार करावा आणि पेटत्या विजेरीवर तळहात घट्ट दाबावा. पांढरा उजेड हातात शिरतो, पण बोटांच्या कडांतून बाहेर पडतो तो लालच. निळा, हिरवा, पिवळा हे रंग रक्तात व मांसात जिरून जातात. तांबडा तेवढा वाट काढतो. त्याच्याही पलीकडे डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. त्यातला तांबड्याला लागून असलेला पट्टा, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, तांबड्याहूनही खोल जातो. एवढेच नव्हे तर हाडातूनही जातो. आणखी पुढे गेले तर पाणी तो प्रकाश शोषू लागते आणि वाट बंद होते. म्हणजे आपल्या देहाला ही एवढीच एक खिडकी आहे.

ही खिडकी उपयोगात आणण्याचे श्रेय अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे शास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांच्याकडे जाते. त्यांनी स्वतः पुढे सांगितलेली हकीकत अशी की, जेवणातील मांसाचे एक चपटे हाड त्यांनी दिव्यासमोर धरले असता त्यातून तांबूस उजेड पलीकडे येताना दिसला. हाडातून एवढा प्रकाश जातो तर कवटीतून का जाऊ नये? १९७७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला आणि कवटीला छिद्र न पाडता मेंदूतल्या प्राणवायूचा अंदाज घेता येतो, हे दाखविले. पुढे १९९०च्या दशकात या तत्त्वावरील यंत्रे शस्त्रक्रियागृहात येऊ लागली. त्यापूर्वी मेंदूतून परतणाऱ्या रक्तात किती प्राणवायू उरला आहे हे पाहावयाचे तर मानेच्या मोठ्या शिरेतून वर, कवटीच्या तळापर्यंत बारीक नळी सरकवावी लागे.

कपाळावरची पट्टी चिकटपट्टीसारखीच दिसते. तिच्या एका टोकाला प्रकाश देणारा बारीक दिवा असतो आणि त्यापासून काही अंतरावर प्रकाश टिपणारे दोन डोळे, एक जवळचा व एक लांबचा. कपाळच का, तर तेथे केस नाहीत. केस प्रकाश गिळून टाकतात. आत गेलेला प्रकाश सरळ जात नाही, धुक्यातल्या उजेडासारखा विखुरतो. त्यातला थोडासा वळून पुन्हा कातडीकडे येतो, त्याची वाट चंद्रकोरीसारखी असते. जवळच्या डोळ्याला पोचलेला प्रकाश मुख्यतः कातडी व कवटी यांतून आलेला असतो. लांबच्या डोळ्याला पोचलेला त्याहून खोल, मेंदूच्या वरच्या थरातून आलेला असतो. दुसऱ्यातून पहिला वजा केला की मेंदूचा हिशेब उरतो. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन व तो देऊन बसलेले हिमोग्लोबिन हे प्रकाशाच्या निरनिराळ्या तरंगलांबी निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. त्यावरून शंभरात किती हिमोग्लोबिन अजून भरलेले आहे, तो आकडा पडद्यावर येतो. नाडीची येथे गरजच पडत नाही.

भाईजानांच्या कपाळावरचा आकडा सुरुवातीला डावीकडे ६४ व उजवीकडे ६६ होता. हे ऐकून आमच्या भाभी घाबरल्या. कोरोनात ९४ खाली गेले की इस्पितळ गाठायचे, आणि येथे ६४! पुष्कळांची हीच समजूत होईल, म्हणून थोडे खुलासेवार लिहितो. बोटावरचे यंत्र मेंदूकडे, हातापायाकडे निघालेले रक्त मोजते. कपाळावरचे यंत्र ज्या भागात डोकावते तेथील सुमारे तीन चतुर्थांश रक्त शिरांतले, म्हणजे प्राणवायू देऊन परत निघालेले असते. पहिला आकडा म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला हाती आलेला पगार, आणि दुसरा म्हणजे खर्च होऊन डब्यात राहिलेली शिल्लक. निरोगी माणसात हा दुसरा आकडा साधारण ६० ते ८० च्या दरम्यान असतो. शिल्लक कमी झाली तर त्याचे कारण दोहोंपैकी एक : आवक घटली किंवा खर्च वाढला. गृहिणीला हे समजावून सांगावे लागत नाही, आणि भाभींनाही लागले नाही.

म्हणूनच आकडा ज्याचा त्याचा असतो. शस्त्रक्रियेपूर्वीचा आकडा टिपून ठेवतात आणि त्यापेक्षा तो एक पंचमांशाने खाली आला, किंवा ५० च्या खाली गेला, तर सामान्यतः तो इशारा समजतात. दोन माणसांच्या आकड्यांची तुलना करून उपयोग नाही. कातडीचा वर्णही यात लुडबूड करतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांत काही यंत्रांवर आकडा गोऱ्या रुग्णांपेक्षा कमी येतो असे आढळले आहे. काविळीत रक्तातील पिवळ्या द्रव्यानेही आकडा बिघडतो. सावळ्या लोकांच्या देशात परदेशी कोष्टके डोळे मिटून वापरू नयेत, हे आमचे मत.

आकडा घसरू लागला तर डॉक्टर काय करतात? आधी अगदी साध्या गोष्टी पाहतात. मान एका बाजूला कलली आहे काय? डोक्याकडून रक्त परत आणणारी नळी जागची हलली किंवा दुमडली आहे काय? तसे असेल तर चेहऱ्याकडचे रक्त तुंबते आणि मेंदूत नवे रक्त शिरावयास वाव राहत नाही. ही चूक इतर कोणत्याही यंत्रावर लवकर दिसत नाही, कपाळावरच्या यंत्रावर दिसू शकते. मग पंपाची धार वाढवितात, रक्तदाब वर आणतात, हिमोग्लोबिन फार उतरले असेल तर रक्त देतात. भूल अधिक गाढ केली किंवा शरीर आणखी थंड केले की मेंदूचा खर्च कमी होतो; दर अंशामागे सुमारे ६ ते ७ टक्के.

एक उपाय मात्र ऐकून आम्हाला नवल वाटले. रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढू देतात! ज्या वायूला आपण टाकाऊ म्हणतो तोच मेंदूच्या रक्तवाहिन्यांना रुंद करतो. तो कमी झाला की त्या आकसतात. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी भराभर फुगे फुगविणाऱ्या मुलांना चक्कर का येते, याचे उत्तर येथे आहे. जोरजोराने श्वास सोडून ती रक्तातील कार्बन डायऑक्साइड घालवून बसतात आणि मेंदूला रक्त कमी पोचते. आम्ही इतकी वर्षे मुलांना "थकलास, बस," एवढेच सांगत आलो.

या यंत्राची खरी कसोटी लागते ती महाधमनीच्या कमानीवरील शस्त्रक्रियेत. हृदयातून निघालेली महाधमनी छातीत कमानीसारखी वळते आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या त्या कमानीतूनच फुटतात. ती कमान फुगली वा चिरली तर बदलावी लागते आणि तेवढा वेळ पंपाची धारही नेहमीप्रमाणे चालू ठेवता येत नाही. अशा वेळी शरीर खूप थंड करतात, कधी १८ ते २० अंश सेल्सियसपर्यंत. पुष्कळदा उजव्या काखेतील धमनीतून फक्त मेंदूला वेगळे रक्त पुरवितात. आता उजवीकडून दिलेले रक्त डाव्या अर्ध्या मेंदूला कसे पोचावे? मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे आहे. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला विलिसचे कडे म्हणतात. गावातल्या पाण्याच्या नळांना जोडनळ असतो, एका बाजूचे पाणी बंद झाले तर दुसरीकडून येते, तशी ही योजना आहे. परंतु पुष्कळ माणसांत हे कडे कोठेतरी बारीक किंवा अपुरे असते व त्या माणसाला त्याचा जन्मभर पत्ता नसतो. शस्त्रक्रिया चालू असता उजवा आकडा स्थिर आणि डावा खाली खाली जाऊ लागला, तर कडे अपुरे असल्याचा संशय येतो आणि डाव्या धमनीतही नळी घालून रक्त देता येते. येथे दोन पट्ट्यांतील फरकच कामाला येतो.

एवढे गुण सांगितल्यावर दोषही सांगणे प्राप्त आहे. आणि ते लहान नाहीत. पट्टी पाहते ते कपाळामागचा, दोन-अडीच सेंटिमीटर खोलीपर्यंतचा लहानसा तुकडा. डोक्याच्या मागच्या बाजूस काय चालले आहे याची तिला वार्ता नाही. महाधमनीच्या आतील कठीण थराचा कण सुटून मेंदूच्या दुसऱ्या भागात अडकला, तर आकडा जागचा न हलता अर्धांगवायू होऊ शकतो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तर त्या वेळचे यंत्र मृत व्यक्तींच्या कपाळाला लावून पाहिले, आणि काहींवर जिवंत माणसाला शोभेल असा आकडा आला! कारण उघड आहे : मृत मेंदू खर्च करीत नाही, मग शिल्लक दिसणारच. केवळ चांगल्या आकड्यावर विसंबून निश्चिंत होऊ नये, हे त्यावरून कळते.

या पहाऱ्याने रुग्णाचे प्रत्यक्ष किती भले होते, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. कॅनडातील डॉ. मर्किन यांनी २०० बायपास रुग्णांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा पाहून उपाय केलेल्या गटात मोठ्या गुंतागुंती कमी झाल्या, असे त्यात निघाले. परंतु २०१८ मध्ये कॉक्रेन संस्थेने तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पुरावा दुबळा आहे व निश्चित लाभ सांगता येत नाही असे तिला म्हणावे लागले. स्मरणशक्तीची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. ड्यूक विद्यापीठातच २६१ बायपास रुग्णांची बौद्धिक चाचणी घेतली होती. घरी जाताना ५३ टक्के आणि सहा महिन्यांनी २४ टक्के रुग्णांत घट दिसली, असे २००१ मध्ये त्यांनी लिहिले. तेवढे वाचून आमची झोप उडाली होती. नंतर इतरांनी शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना केली तेव्हा कालांतराने तशीच घट त्यांच्यातही आढळली. म्हणजे दोष पंपाचा किती आणि मुळातल्या रोगट रक्तवाहिन्यांचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. शिवाय पट्ट्या एकदाच वापरण्याच्या व महाग असतात, त्यामुळे सर्वच इस्पितळांत सर्वच रुग्णांना त्या लावीत नाहीत. बिलात त्यांची रक्कम वेगळी दिसली तर ती कशाची आहे हे विचारावे. आणि त्या लावल्या नाहीत म्हणून हयगय झाली असेही समजू नये. घरच्यांनी एक गोष्ट मात्र अवश्य करावी. रुग्णाला पूर्वी कधी बोबडी वळली असेल, हात लुळा पडून पुन्हा बरा झाला असेल, मानेच्या धमनीचा विकार असेल, तर न विचारताही ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. पुष्कळ मंडळी "शस्त्रक्रिया नाकारतील" या भीतीने ते लपवितात.

भाईजानांच्या शस्त्रक्रियेत डावा आकडा एकदा ४९ वर उतरला होता, असे बाईंनी नंतर आम्हाला सांगितले. त्यांनी मान सरळ केली, धार वाढवून घेतली, कार्बन डायऑक्साइड थोडा चढू दिला. काही मिनिटांत आकडा साठीकडे परतला. तो तसाच खाली राहिला असता तर काय झाले असते, असे आम्ही विचारले. "ते मला सांगता येणार नाही. आणि वर आणल्यामुळेच ते ठीक राहिले असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही," असे त्या म्हणाल्या. बाहेर बाकावर पाच तास बसून आलेल्या आम्हाला हे उत्तर कोणत्याही दिलाशापेक्षा अधिक विश्वासाचे वाटले.

शुद्धीवर आल्यावर दोन दिवस भाईजान भ्रमात होते. रात्री उठून कात्री मागत. भाभींना त्यांनी आपल्या दिवंगत आईच्या नावाने हाक मारली. डॉक्टर म्हणत होते, असे पुष्कळांना होते, ओसरेल. तिसऱ्या दिवशी सकाळी कपाळावर पट्ट्यांच्या जागी दोन फिकट चौकोन तेवढे उरले होते. आम्ही खुर्ची ओढून जवळ बसलो आणि भीत भीत आमच्या शेरवानीचे माप विचारले. त्यांनी डोळे मिटले. छाती, कंबर, बाही, उंची सगळे सांगितले, गळ्यापाशी अडले. थोड्या वेळाने म्हणाले, "गळा पुन्हा घ्यावा लागेल. तू जाड झाला आहेस."

आता दुकानात एक वही आली आहे. नवी मापे तीत लिहितात. जुनी अजून डोक्यातच आहेत.